छापील प्रोग्रॅमिंगचं पुस्तक मुक्त परवान्यावर ऑनलाइन आणायचं तर

बीसीए-बीएस्सीच्या वर्गांसाठी लिहिलेलं सी, जावा किंवा पायथनचं मराठी पुस्तक. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या, लातूरच्या नाहीतर नांदेडच्या प्रकाशकानं छापलं, दोन-तीन आवृत्त्या खपल्या, मग विद्यापीठानं अभ्यासक्रम बदलला आणि उरलेले गठ्ठे गोदामात पडून राहिले. मुलं मात्र त्याच्या झेरॉक्स अजून फिरवतात. असं पुस्तक मुक्त परवाना, म्हणजे कुणालाही वापरायची-वाटायची आगाऊ परवानगी, लावून ऑनलाइन ठेवता येतं. पण बहुतेक जण उलट्या टोकानं सुरुवात करतात: आधी संकेतस्थळ, मग परवाना, आणि सगळ्यात शेवटी प्रकाशकाला फोन. फाइली चढवायला एक दुपार पुरते. खरा वेळ जातो तो हक्काचे कागद जमवण्यात आणि जुन्या डीटीपीतला (छपाईसाठी संगणकावर मांडलेला) मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणण्यात. म्हणून इथेही जास्त जागा त्या दोन कामांना दिली आहे.

पुस्तक कागदोपत्री कुणाचं आहे?

करारनामा काढा आणि त्यात कॉपीराइटबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मुखपृष्ठावर तुमचं नाव आहे म्हणून हक्क तुमच्याकडेच आहेत असं होत नाही, आणि आतल्या पानावर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ छापलंय म्हणून ते प्रकाशकाकडे गेले असंही होत नाही. साधारण तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार: प्रकाशकाला फक्त आवृत्ती छापून विकण्याची परवानगी दिलेली असते, कॉपीराइट लेखकाकडेच असतो. इथे एवढंच पाहायचं की ती परवानगी एकट्या त्यालाच दिली आहे का आणि किती वर्षांसाठी. ‘अनन्य’ किंवा ‘एक्सक्लुझिव्ह’ शब्द असेल तर मुदत संपेपर्यंत तुम्हालाही दुसरीकडे पुस्तक देता येत नाही.

दुसरा प्रकार: कॉपीराइटच प्रकाशकाच्या नावे करून दिलेला असतो. अशा वेळी परवाना देण्याचा अधिकार तुमचा नाही, त्याचा. पण घाबरून जाण्याआधी भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ वाचा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण करारापासून ५ वर्षांचंच धरलं जातं. प्रदेश लिहिलेला नसेल तर ते भारतापुरतंच धरलं जातं. दिलेला हक्क प्रकाशकानं एका वर्षात वापरलाच नाही आणि करारात तसं वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. या तरतुदी १९९४ च्या दुरुस्तीनं आल्या आणि १० मे १९९५ पासून लागू झाल्या. त्याआधीच्या करारांना त्यांचा आधार घेता येत नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो: कागदच नाही. तोंडी बोलणं झालं, लेखकाला २५ प्रती मिळाल्या, विषय संपला. कलम १९ नुसार लेखी आणि सहीनिशी केल्याशिवाय कॉपीराइटचं हस्तांतरण होत नाही, म्हणजे हक्क तुमच्याकडेच राहिले. तरीही प्रकाशकाकडून पत्र घ्याच. कायद्यासाठी नाही, तर पुढे कुणी तक्रार करून पुस्तक उतरवायला लावू नये म्हणून. एक पान पुरतं.

आता सहलेखक. मराठवाड्यातल्या क्रमिक पुस्तकांवर दोन-तीन नावं असणं नेहमीचंच, कधी त्यातलं एक नाव विभागप्रमुखांचं असतं. त्यांनी किती प्रकरणं लिहिली ते तुम्हाला माहीत असेल, पण मुखपृष्ठावर नाव आहे तर सही लागणार. एखादे सहलेखक हयात नसतील तर वारसांची सही घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर कॉपीराइट ६० वर्षं टिकतो, आणि एकत्र लिहिलेल्या पुस्तकात ही वर्षं शेवटच्या लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात. पुस्तक महाविद्यालयाच्या नोकरीचं काम म्हणून, संस्थेच्या सांगण्यावरून लिहिलं असेल तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक संस्था ठरू शकते. मग प्राचार्यांचं किंवा संस्थेच्या सचिवांचंही पत्र हवं.

प्रकाशकाचं पत्र

‘आमची हरकत नाही’ एवढंच लिहिलेलं पत्र दुसऱ्या प्रकारात कमी पडतं. हक्क प्रकाशकाकडे असतील तर ते परत आले आहेत असं स्पष्ट लिहिलेलं हवं. मसुदा असा ठेवता येईल:

‘आमच्या संस्थेतर्फे प्रसिद्ध झालेल्या …… या पुस्तकातील (आवृत्ती ……, वर्ष ……, आयएसबीएन ……) मजकूर, आकृत्या व प्रोग्रॅम यांचे सर्व माध्यमांतील, जगभरातील हक्क आम्ही लेखक …… यांना या पत्राच्या तारखेपासून कायमस्वरूपी परत करत आहोत. यासाठी कोणताही मोबदला देय नाही. लेखक हे पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्स किंवा अन्य कोणत्याही मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करू शकतील. अशा परवान्यात इतरांना पुस्तक छापण्याची, बदलण्याची व विकण्याची परवानगी असू शकते आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही, याची आम्हांला कल्पना आहे. शिल्लक छापील प्रती विकण्याचा आमचा हक्क कायम राहील. मुखपृष्ठाचे चित्र वापरण्यास परवानगी आहे / नाही.’

प्रकाशनाच्या लेटरहेडवर, मालकाची किंवा अधिकार असलेल्या भागीदाराची सही, शिक्का, तारीख, ठिकाण. खाली लेखकांच्याही सह्या. स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, मूळ प्रत लॅमिनेट करू नका. मोबदल्याचं वाक्य फालतू वाटलं तरी गाळू नका, कारण हस्तांतरणाच्या कागदात मोबदल्याचा उल्लेख कायद्याला अपेक्षित आहे. करार गुंतागुंतीचा असेल किंवा प्रकाशक आणि तुमच्यात आधीच वाद असेल, तर हा मसुदा वकिलाला दाखवून घ्या.

प्रकाशकाची अडचण बहुतेक वेळा शिल्लक मालाची असते आणि ती रास्तही असते. तीनशे प्रती पडून असतील तर तो आज सही करणार नाही. तेव्हा पत्रात पुढची तारीख घाला, उदाहरणार्थ येत्या शैक्षणिक वर्षाचा १ जून, किंवा उरलेल्या प्रती लेखकाच्या सवलतीत उचलून महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना द्या. छापील पुस्तक विकणं आणि तेच ऑनलाइन मोफत असणं या गोष्टी एकत्र नांदतात, हेही त्याला सांगा. गिट या फाइलींतले बदल सांभाळणाऱ्या साधनावरचं ‘प्रो गिट’ हे पुस्तक ॲप्रेस ही व्यावसायिक प्रकाशन संस्था छापून विकते आणि तेच पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ऑनलाइनही आहे.

आत दुसऱ्याचं काय काय आलंय

परवाना फक्त स्वतःच्या मजकुराला देता येतो. पुस्तक पान-पान चाळा आणि पेन्सिलनं खुणा करा: इंग्रजी क्रमिक पुस्तकातून उचललेल्या आकृत्या, संकेतस्थळांवरून घेतलेली चित्रं, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, दुसऱ्या कुणी लिहिलेली प्रस्तावना. फ्लोचार्ट आणि मेमरीच्या आकृत्या इंकस्केप या मोफत चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये नव्यानं काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, त्या विशिष्ट चित्रावर असतो. प्रस्तावनेसाठी ज्येष्ठ प्राध्यापकांना एक ईमेल करा किंवा ती गाळा. प्रश्नपत्रिका जशाच्या तशा न देता त्याच धर्तीचे प्रश्न स्वतः तयार करा. मुखपृष्ठ नवीन करून घेतलं की तोही प्रश्न मिटतो.

कुठला परवाना?

मजकुरासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सची ४.० आवृत्ती घ्या. तिच्यात सहा परवाने आहेत, पण निवड खरी दोन-तीनांतच असते.

‘बाय’ म्हणजे नाव द्या आणि काहीही करा. ‘बाय-एसए’ म्हणजे नाव द्या, आणि बदल करून वाटलंत तर तेही याच परवान्याखाली ठेवा. ‘एनसी’ लावलं की व्यावसायिक वापर बंद, ‘एनडी’ लावलं की बदललेली प्रत वाटायला बंदी.

‘एनडी’ प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाला लावूच नका. दोन वर्षांनी कुणी पायथनची आवृत्ती अद्ययावत केली किंवा पुस्तक उर्दूत नेलं, तर ते वाटता येणार नाही. ‘एनसी’कडे मात्र लेखकांचा ओढा असतो: ‘क्लासवाले माझ्या पुस्तकावर पैसे कमावतील.’ कमावतील, हे खरं. पण महाविद्यालयासमोरचा झेरॉक्सवाला पुस्तकाच्या वीस प्रती काढून, स्पायरल बाइंडिंग करून काउंटरवर ठेवतो, तोही याच बंदीत अडकतो, आणि परभणी-हिंगोलीकडच्या मुलापर्यंत पुस्तक पोचवणारा तोच असतो. शिवाय विकिबुक्स, विकिस्रोत, विकिमीडिया कॉमन्स हे प्रकल्प एनसी आणि एनडी स्वीकारत नाहीत. ‘बाय-एसए’मध्ये क्लासवाल्याला पुस्तक विकता येतं, पण तुमचं नाव ठेवावं लागतं आणि त्यानं केलेली सुधारित आवृत्तीही सगळ्यांसाठी खुली राहते. एकट्यालाच मक्तेदारी मिळत नाही. आमचं मत ‘बाय-एसए ४.०’ला.

प्रोग्रॅमसाठी वेगळा परवाना द्या. क्रिएटिव्ह कॉमन्स संस्था स्वतःच सांगते की हे परवाने सॉफ्टवेअरसाठी वापरू नका. बबल सॉर्टचा वीस ओळींचा कोड विद्यार्थ्यानं प्रोजेक्टमध्ये घेतला तर त्याचा अख्खा प्रोजेक्ट बाय-एसए होतो का, असला प्रश्न उगाच उभा राहतो. पुस्तकातला सगळा कोड एमआयटी या सॉफ्टवेअरच्या साध्या मुक्त परवान्याखाली ठेवा, विषय संपतो.

दोन गोष्टी सही करण्याआधी कळलेल्या बऱ्या. हा परवाना मागे घेता येत नाही. उद्या तुम्ही पुस्तक उतरवलंत तरी ज्यांच्याकडे प्रत गेली त्यांचे अधिकार राहतात. दुसरी, कुणी नाव न देता छापलं तर त्याचा परवाना आपोआप संपतो, पण चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर तो पुन्हा लागू होतो. म्हणून वकिलाच्या नोटिशीआधी साधा ईमेल पाठवा, बहुतेकदा तेवढ्यात काम होतं.

ओपन फाइल आणि फॉन्टची कटकट

प्रकाशकाकडे किंवा डीटीपीवाल्याकडे ‘पीडीएफ आहे का’ असं विचारू नका, ‘ओपन फाइल’ मागा, म्हणजे पेजमेकर, क्वार्क किंवा इनडिझाइनची मूळ फाइल, आणि त्याबरोबर वापरलेल्या फॉन्टची नावं. छापण्यासाठी केलेल्या जुन्या पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करून पाहा, इंग्रजी अक्षरांचा कचरा येईल. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी साठवलेली नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात.

फाइल ज्या संगणकावर बनली तो चालू असेल तर तिथेच उघडून मजकूर आरटीएफमध्ये एक्स्पोर्ट करून घ्या. पेजमेकर कुठेच चालत नसेल तर लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये ६ आणि ७ आवृत्तीच्या फाइली बऱ्याचदा उघडतात. मांडणी विस्कटते, मजकूर मिळतो.

आरटीएफच का? कारण त्यात प्रत्येक तुकड्याचा फॉन्ट नोंदलेला राहतो. साध्या टेक्स्टमध्ये नेलंत की श्रीलिपीतला मराठी परिच्छेद आणि कुरिअर फॉन्टमधला इंग्रजी कोड दोन्ही सारखेच दिसतात. मग कन्व्हर्टर (जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा प्रोग्रॅम) कोडलाही मराठी समजून बदलतो आणि ‘प्रिंटएफ’च्या जागी निरर्थक देवनागरी येते. आधी फॉन्टच्या नावानं कोडचे तुकडे वेगळे काढून बाजूला ठेवा, त्यांच्या जागी ‘कोड ३.१२’ अशी खूण लिहा, आणि उरलेला मराठी मजकूरच कन्व्हर्टरमधून काढा. एकाच कंपनीच्या फॉन्टमध्येही अक्षरांच्या जागा वेगवेगळ्या असतात. त्यामुळे आधी एक पान बदलून तपासा, मग पूर्ण पुस्तक.

रूपांतर झाल्यावर नुसतं वाचून चुका सापडत नाहीत, शोधून सापडतात. या गोष्टी हमखास बिघडतात:

— पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये पूर्ण जोडाक्षरानंतर हवी. चुकलं की ‘प्रिंट’चं ‘पि्रंट’ आणि ‘स्थिती’चं ‘सि्थती’ होतं. वेलांटीला लागून आलेला हलन्त शोधा, सगळ्या जागा सापडतील.

— रफार. तो जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, म्हणून ‘वर्ग’चा ‘वगर्’ आणि ‘कार्य’चा ‘कायर्’ होतो. ‘र्’नं संपणारे शब्द शोधा. ‘शर्तींची’सारखे शब्द, जिथे रफार, वेलांटी आणि अनुस्वार तिन्ही एकत्र येतात, ते डोळ्यांनी तपासा.

— ‘आ’च्या जागी अ आणि काना असे दोन तुकडे, ‘ओ’च्या जागी अ आणि ओकार. पडद्यावर सारखंच दिसतं, शोधताना सापडत नाही.

— ॲ. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आलं. त्याआधीच्या पद्धतीत अ वर चंद्र देत. ॲरे, ॲड्रेस, ॲल्गोरिदम हे शब्द प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात शेकड्यांनी असतात. दोन पद्धती मिसळल्या की ‘ॲरे’ शोधल्यावर निम्मीच ठिकाणं येतात. सगळीकडे एकच ठेवा.

— ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’मधला अर्धा र. तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कॅरेक्टर. पहिली तऱ्हा ठरवा आणि दुसरी बदलून टाका. तो अदृश्य कॅरेक्टर पुढे त्रास देतो.

— विसर्ग आणि कोलन. मराठी टंकलेखक ‘उदा.’ पुढे विसर्ग मारून मोकळे होतात. मजकुरात ते चालून जातं. कोडमध्ये पायथनच्या ‘इफ’ पुढे कोलनऐवजी विसर्ग आला तर कंबख्त चूक डोळ्यांना दिसतही नाही.

ओपन फाइल मिळालीच नाही तर छापील प्रत ३०० डीपीआयनं स्कॅन करा आणि टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रॅममध्ये मराठी व इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र निवडून ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात आणा. मराठी मजकूर बऱ्यापैकी येतो. कोड मात्र हातानंच टाइप करा. ओसीआर ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा खातं, अर्धविरामाचं अपूर्णविरामात रूपांतर करतं, आणि पायथनमध्ये मोकळी जागा हाच व्याकरणाचा भाग आहे.

कोड चालवून बघितल्याशिवाय सोडू नका

प्रत्येक प्रोग्रॅम स्वतंत्र फाइलमध्ये ठेवा, प्रकरण आणि क्रमांकाप्रमाणे नाव द्या, आणि प्रत्येक फाइल खरोखर कंपाइल करून चालवा. डीटीपीत सरळ अवतरण चिन्हांची वळणदार चिन्हं होतात, उणे चिन्हाची लांब डॅश होते, लांब ओळ मध्येच तुटते. कन्व्हर्टर आकडे देवनागरी करून टाकतो, ते वेगळंच. इथे एक गंमत आहे: वापरकर्त्यानं इनपुट म्हणून देवनागरीत १२ टाइप केलं तर पायथनचं ‘इंट’ ते बिनतक्रार बारा म्हणून घेतं, पण कोडमध्ये तोच आकडा लिहिला की सिंटॅक्स एरर.

आपल्याकडची सीची जुनी पुस्तकं टर्बो सी हा जुना कंपायलर धरून लिहिलेली आहेत. आजच्या लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरवर ‘कॉनिओ’ हेडर, ‘क्लिअर-स्क्रीन’चं फंक्शन आणि ‘गेट-सीएच’ चालत नाही. ‘गेट्स’ हे फंक्शन सी ११ मानकातून काढून टाकलं आहे. हेडर न घेता फंक्शन वापरलं तर पूर्वी नुसती वॉर्निंग यायची, जीसीसी १४ पासून थेट एरर येते. आणि एक बदल कंपायलर दाखवत नाही: टर्बो सीमध्ये ‘इंट’ २ बाइटचा, कमाल किंमत ३२७६७. आता तो बहुतेक ठिकाणी ४ बाइटचा असतो. त्यामुळे ‘साइझऑफ’ची उत्तरं, ओव्हरफ्लोची उदाहरणं आणि पॉइंटर वाढवल्यावर येणारे पत्ते, या सगळ्यांचं छापलेलं आउटपुट चुकीचं ठरतं. पायथन २ मधली पुस्तकं असतील तर त्या आवृत्तीचा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला आहे. जावाच्या ॲपलेटचं प्रकरण कुठल्याही आजच्या ब्राउझरमध्ये चालणार नाही.

जुन्या पडलेल्या या सगळ्या गोष्टी दुरुस्त करत बसलात तर पुस्तक कधीच बाहेर येणार नाही. पहिली ऑनलाइन आवृत्ती छापील मजकुराची, जशीच्या तशी, १.० म्हणून सोडा. जुन्या झालेल्या प्रकरणांच्या डोक्यावर दोन ओळींची सूचना द्या. दुरुस्त केलेला कोड १.१ मध्ये आणा.

मजकुराची बांधणी

प्रत्येक प्रकरण मार्कडाउनच्या (साध्या खुणांनी मांडणी दाखवणाऱ्या मजकुराच्या) स्वतंत्र फाइलमध्ये, सगळं गिटमध्ये. फाइलींची नावं इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत ठेवा. देवनागरी नावाचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि मध्येच तुटते. पॅनडॉक किंवा एमडीबुक ही साधनं वापरून त्याच फाइलींतून संकेतस्थळ बनतं. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, पॅनडॉकमधून काढा.

पानांची भाषा ‘एमआर’ (मराठीची खूण) अशी नोंदवायला विसरू नका. काही फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, आणि अंध विद्यार्थ्यांचा स्क्रीन रीडर मजकूर हिंदी उच्चारात वाचत नाही. फॉन्ट मुक्त परवान्याचेच घ्या: मुक्ता, नोटो किंवा टायरो. श्रीलिपीचे फॉन्ट विकतचे आहेत, ते संकेतस्थळावर चढवू नयेत.

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतून पीडीएफ करताना पीडीएफ-लाटेक हा प्रकार देवनागरीला उपयोगाचा नाही. झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या, लुआलाटेकमध्ये अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे इंजिन निवडा. तरी एक ठेच लागतेच: कोडचा समान रुंदीचा फॉन्ट देवनागरी जाणत नाही, म्हणून मराठी कॉमेंटच्या जागी रिकाम्या चौकटी येतात. कोडसाठी जोडीचा देवनागरी फॉन्ट नेमावा लागतो. यात अडकायचं नसेल तर एचटीएमएलपासून वीझीप्रिंट या साधनानं पीडीएफ काढा, तिथे न सापडलेलं अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून आपोआप घेतलं जातं.

एमडीबुकचा शोध इंग्रजी धरून बनवलेला आहे. देवनागरी शब्द टाकून तपासा, सापडत नसेल तर ती सोय बंद करा आणि पूर्ण पुस्तकाचं एक सलग पान द्या. ब्राउझरचा स्वतःचा शोध तिथे नीट चालतो.

शेवटी सगळ्याची मिळून एक झिप बनवा: एचटीएमएल, पीडीएफ, कोड. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या लॅबमध्ये नेट नसलं तरी पेनड्राइव्हवरून पुस्तक चालतं. पीडीएफ हलकी ठेवा. मजकुराची काही एमबीत मावते, स्कॅन केलेली सहज शंभराच्या पुढे जाते आणि फोनवर कुणी उतरवत नाही.

परवान्याची सूचना संकेतस्थळावर असून भागत नाही. आपल्याकडे पुस्तक फिरतं ते व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफच्या रूपात, म्हणून ती पीडीएफच्या दुसऱ्या पानावर, ईपबमध्ये आणि झिपमध्येही हवी. त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, मूळ ठिकाणाचा पत्ता, आवृत्ती, परवान्याचं पूर्ण नाव आणि दुवा, कोडसाठी एमआयटी, आणि ‘मुखपृष्ठावरील चित्र या परवान्यात समाविष्ट नाही’ असे अपवाद लिहा. जुन्या श्रेयपानावरची ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ आठवणीनं काढा. ती प्रत्येक प्रकरणाच्या तळटिपेतही लपलेली असते. दोन्ही वाक्यं एकत्र राहिली तर वाचकानं कशावर विश्वास ठेवायचा?

कुठे ठेवायचं

मूळ मजकूर गिटहब, गिटलॅब किंवा कोडबर्ग या गिटच्या फाइली ठेवणाऱ्या संकेतस्थळांपैकी एकावर, आणि संकेतस्थळ त्यांच्याच मोफत पेजेस सेवेवर. गिटहबवर संकेतस्थळाला १ जीबीची आणि एका फाइलला १०० एमबीची मर्यादा आहे, मजकुराच्या पुस्तकाला ती भरपूर होते. स्वतःचं डोमेन घेण्याची घाई नको. नूतनीकरण चुकलं की पुस्तकातले, ग्रंथालयांच्या यादीतले सगळे दुवे मरतात, मोफत मिळालेला पत्ता मात्र टिकतो. खातं एकट्याच्या नावावर न ठेवता संस्था-खातं काढा आणि सहलेखकाला किंवा विभागातल्या एखाद्या तरुण सहकाऱ्याला पूर्ण अधिकार द्या.

दुसरी प्रत इंटरनेट अर्काइव्हवर चढवा, भाषा मराठी आणि परवाना तिथल्या रकान्यातच भरा. झेनोडो या संशोधनसंग्रहावर ठेवलं तर डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, प्राध्यापकांना त्याचा बायोडेटात उपयोग होतो. आयएसबीएन हवाच असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो मोफत मिळतो, पण छापील पुस्तकाचा जुना क्रमांक ई-आवृत्तीला लावता येत नाही, आणि पीडीएफ व ईपबला वेगवेगळे लागतात. नुसतं ऑनलाइन ठेवायला आयएसबीएन लागत नाही.

संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव एका विद्यापीठाखाली आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली दुसऱ्या, त्यामुळे अभ्यासक्रमही वेगळे. प्रकरणांचा क्रम कुठल्याही एका अभ्यासक्रमाला बांधू नका. ‘कोणत्या सत्रासाठी कुठली प्रकरणं’ असा एक तक्ता वेगळ्या पानावर द्या. अभ्यासक्रम बदलला की तेवढंच पान बदलतं.

दुरुस्त्या

वाचक गिटहबवर खातं काढून चूक कळवतील अशी अपेक्षा धरू नका. प्रत्येक पानाच्या तळाशी साधा फॉर्म किंवा ईमेल द्या, आणि चूक सांगताना पान क्रमांक नव्हे तर परिच्छेदाचा क्रमांक मागा, कारण फोनवर पान क्रमांक नसतो. परिच्छेदांना म्हणूनच ४.२, ४.३ असे पक्के क्रमांक द्या आणि मधलं काही गाळलं तरी पुढचे बदलू नका.

कुणी अख्खं प्रकरण लिहून पाठवलं तर ते घेण्याआधी त्याच्याकडून एक वाक्य लेखी घ्या: ‘हे माझं स्वतःचं लेखन आहे आणि मी ते बाय-एसए ४.० व कोड एमआयटी परवान्याखाली देत आहे.’ ईमेल चालतो. तो प्रकाशकाच्या पत्राच्या स्कॅनशेजारीच ठेवा, आणि त्याचं नाव पुढच्या आवृत्तीच्या श्रेयपानावर घाला.